स्वतःविरुद्ध दिलेला जबाब

नोकरीत मी असंख्य जबाब लिहून घेतले आणि बहुतेक विसरलो. पण मालवण ठाण्यात एका बाईने उभ्या उभ्या दिलेला जबाब मला आजही शब्दन् शब्द सांगता येईल. मुंबई राज्य असतानाची ही गोष्ट आहे. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, मालवण रत्नागिरीत मोडत होतं. मी कोल्हापूरकडचा, अंगावर फौजदाराचा नवा गणवेश आणि बंदरावरच्या या गावात येऊन जेमतेम चार महिने झालेले. प्रकरणातल्या कोणाचंच नाव मी लिहिणार नाही. ते ज्या समाजात घडलं त्याचंही नाही. कारण शेवटी कळेलच.

एका मंगळवारी सकाळी हजेरी संपवून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, अंगाने काटक. अर्ध्या गावातली मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली. मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, माका एक खबर देऊची आसा. पण माझा नाव भायर पडता नये."

"नाही पडणार. बोला."

त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानदाराच्या घरच्या बायका सात वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. रक्त थांबत नव्हतं. विळीवर पडली, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी टाके घातले, मुलगी वाचली, आता दवाखान्यातच होती.

"पण ता चेडू पडला नाय, साहेब," नर्सबाई म्हणाल्या. "विळीचो घाव माका कळता. ह्यो कोणी तरी मुद्दाम केलेलो आसा. आणि खंय केलो, ता माझ्या तोंडातसून येना नाय."

मग त्यांनी मान खाली घालून मोजक्या शब्दांत जागा सांगितली. माझ्या डोक्यात एकच शंका आली. कुठल्याही पोलिसाच्या डोक्यात तीच आली असती. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणा पुरुषाचं हे काम आहे.

दुकानदाराचं कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी उत्तरेकडच्या बंदरातून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका लहानशा व्यापारी समाजातलं. खिळे, दोर, कंदील, होडीचं सामान असं दुकान. खाली दुकान आणि वर घर. घरात बोली वेगळी, पण बाजारात अस्सल मालवणी. किनाऱ्यावर त्यांची घरं मोजकीच होती. कधी तंटा नाही, कधी ठाण्याची पायरी नाही.

मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन गेलो. स्वयंपाकघरातली विळी मागवली. पात्याला खोबऱ्याचा कीस वाळून चिकटला होता, म्हणजे ती कालपासून कुणी धुतलीसुद्धा नव्हती, आणि रक्ताचा डाग कुठेच नव्हता. मुलीचा झगा मात्र धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलेला. पंचनाम्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या. दुकानदार हादरून गेला होता. "मी दुकानात होतो साहेब, मला वरून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा कळलं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची बायको दाराआड उभी होती. उत्तरं दिली ती तिच्या सासूने.

"त्या वेळी वर कोण होतं?" मी विचारलं.

सासूने सुनेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हमाल गोणी घेऊन वर गेला होता."

मला तेवढंच हवं होतं.

हमाल पन्नाशीचा गृहस्थ, राहायला गावातल्याच मेढा वाडीत. वीस वर्षं त्याच दुकानात ओझी वाहत होता. त्याला मी ठाण्यात आणून बसवलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर हात टाकला. तो एकच सांगत होता.

"साहेब, मी चेडवाक हात लावूक नाय. ता माझ्या नातीएवढा आसा. मी गोणी जिन्यात ठेवलंय आणि भायर इलंय."

मला तो निर्ढावलेला वाटला. गुन्हेगार रडतो, निर्दोष माणूस संतापतो, असं काहीतरी मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. हा रडतही नव्हता आणि संतापतही नव्हता, नुसता थकला होता. थकलेल्या माणसाबद्दल मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्याच्या व्हरांड्यात एक बाई येऊन उभी राहिली. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, मोठ्या साहेबांना भेटायचं. मी बाहेर आलो तर मुलीची आई. डोक्यावरून घट्ट ओढणी, पाय अनवाणी. ती घराबाहेर एकटी कधी पडली नव्हती हे मला नंतर समजलं.

"त्याका सोडा," ती म्हणाली. "तेना काय करूक नाय."

"मग कोणी केलं?"

"आमीच केला ता. आमी बायकांनी."

मी तिला आत घेतलं, हवालदाराला बाहेर पाठवलं आणि नर्सबाईंना निरोप धाडला. बाईमाणूस सोबत असल्याशिवाय मी हा जबाब घेणार नव्हतो, एवढी अक्कल तरी मला होती. नर्सबाई आल्या. मी कागद ओढला. आईला बसायला सांगितलं, तीही बसली नाही.

तिने सांगितलं की त्यांच्यात मुलगी सात वर्षांची झाली की एक रिवाज करतात. तिचा झाला, तिच्या आईचा झाला, आजीचा झाला. एक म्हातारी त्यासाठीच येते, होडीने नाहीतर एस.टी.ने, किनाऱ्यावरची घरं घेत घेत. मुलीला नवे कपडे घालतात, मिठाई देतात, मावशीकडे जायचं म्हणून सांगतात. पुरुषांना यातलं काही कळू देत नाहीत. मुलीला म्हणतात, कुणाला सांगायचं नाही. या वेळी म्हातारीचा हात थरथरला, की मुलगी हलली, कोण जाणे. रक्त थांबेना. तेव्हा सासूने विळीची गोष्ट रचली.

मुलग्यांची सुंता मी ऐकून होतो. मुलींचीही करतात हे मला ठाऊक नव्हतं. नर्सबाईंनाही नव्हतं; या घरांतली बाळंतपणं त्यांच्याच बायका करत. नर्सबाई आईचा हात धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही का आलात?" मी विचारलं. पोलिसाने विचारायचा तो प्रश्न नव्हता, पण विचारला.

"हमालाची बायको कालपासना आमच्या दुकानाच्या पायरेर बसली हा," ती म्हणाली. "बोलणा नाय, रडणा नाय. नुसती बसली हा. मी खिडकीतसून बघतंय. माझ्या चेडवाक मी धरून ठेवलंय, माझ्या ह्या हातांनी. आणि मार त्याका पडता."

ती पुढे म्हणाली, "माझा चेडू माझ्या हातचा जेवणा नाय, साहेब. नर्सबाईंच्या हातचा जेवता. मी इलंय की भिंतीकडे तोंड करता."

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, हे मी लिहिलं तर गुन्हा तुमच्यावरही लागू शकतो. समजतं ना?"

"लिवा," ती म्हणाली.

जबाब वाचून दाखवला. तिला सही येत नव्हती, अंगठा दिला. मग तिने सांगितलं की म्हातारी अजून तालुक्यातच आहे. "कट्ट्याक गेली हा. थंय दोन बहिणी आसत, लहान. आज दुपारी करतले."

हमालाला मी त्याच क्षणी सोडलं आणि कट्टा गावाची एस.टी. धरली. ठाण्याला तेव्हा गाडी नव्हती. पुढच्या बाकावर गणवेशातला फौजदार आणि त्याच्या मागे नर्सबाई आणि ती आई, असं बघून कंडक्टर तिकीट मागायचं विसरला. वाटेत आई एकदाच बोलली. तिने नर्सबाईंना विचारलं, "ते माझा ऐकतीत?" नर्सबाई म्हणाल्या, "ऐकतीत की नाय ता मागीर. तू सांग."

कट्ट्याच्या बाजारपेठेत दुकानामागेच ते घर होतं. दाराशी रांगोळी काढावी तशी स्वच्छता, आतून तळणाचा वास. ओसरीवर दोन मुली कोऱ्या झग्यांत बसलेल्या, एकीच्या गालाला जिलेबीचा पाक लागलेला. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला. अजून वेळ गेली नव्हती.

मी थेट आत शिरणार होतो. आईने मला थांबवलं. "तुमी आत इलात तर दारां बंद होतली. माका जाऊक द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच मी एका साध्या गृहिणीचा हुकूम मानला. मी ओसरीवर मुलींपाशी बसलो. आत पडद्यामागे सात-आठ बायका असाव्यात. बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत चाललं होतं, मधूनमधून मालवणी. नर्सबाई पडद्याजवळ उभ्या राहून मला सांगत होत्या; ती बोली त्यांना ऐकून ऐकून समजायची.

आधी आरडाओरड झाली. पोलीस घेऊन आलीस? तुझ्या सात पिढ्यांनी केलं ते तुला चुकीचं वाटायला लागलं? कुणी म्हणालं, मुलीशी लग्न कोण करेल? कुणी म्हणालं, मुलगी हाताबाहेर जाईल. एकीने विचारलं, धर्मात आहे ते बदलणारी तू कोण? आई ओरडली नाही. ती दवाखान्यातलं सगळं सांगत गेली. रक्त, टाके, भिंतीकडे वळलेलं तोंड. मग ती म्हणाली, "तुमच्यापैकी जिला स्वतःचा दिवस आठवत नाही, त्या बाईने उठून सांगावं. मी पोलिसांना परत पाठवते."

आत एकही बाई उठली नाही. बाहेर मोठी मुलगी मला विचारत होती, "तुमची शिट्टी वाजता?" मी तिला वाजवून दाखवली नाही. आत कुणी दचकू नये असं वाटलं.

पडदा सरकला आणि म्हातारीच बाहेर आली. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, पांढरे केस नीट विंचरलेले. हातात तिच्या हत्याराचं लहानसं बोचकं. ते तिने माझ्यापुढे ठेवलं. "हे घ्या," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "या मुलींना आज काही होणार नाही."

दोन मुलींच्या आईने त्यांना आत ओढून घेतलं आणि पडद्यामागे रडण्याचा आवाज आला.

म्हातारीला मी अटक केली, पण कोठडीत टाकली नाही. मालवणला आणून ठाण्यातल्या बाकावर बसवली, चहा दिला. ती बेडर होती. "मी कुणाचं वाईट केलं नाही," ती म्हणाली. "मला मानाने बोलावतात. मी देवाचं नाव घेऊन करते."

चौकशीत आरोपी खोटं बोलतो तेव्हा पोलिसाला काम सोपं असतं. ही बाई खरं बोलत होती.

नर्सबाईंनी विचारलं, "आजी, तुमचा स्वतःचा तुमका आठवता?"

म्हातारीने कप खाली ठेवला. "आठवतं. खिडकीला गज होते. मी ओरडले नाही म्हणून आईने मला खडीसाखर दिली." मग कुणी न विचारता म्हणाली, "ती साखर मी थुंकले होते. आईला दिसलं नाही."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

खरी ओढाताण पुढे सुरू झाली. या प्रकारासाठी कायद्यात वेगळं कलम नव्हतं. सरकारी वकिलांशी बोलून मी हत्याराने दुखापत केल्याचं कलम, तीनशे चोवीस, लावलं. आईला आरोपी करायचं की साक्षीदार, यावर आमचे दोन दिवस गेले. वकीलसाहेब जुन्या वळणाचे होते. ते म्हणाले, "फौजदार, ती आरोपी झाली तर पुढे कुठलीही आई तोंड उघडणार नाही." ती साक्षीदार झाली.

मग त्या समाजातले वडीलधारे आले. एक प्रमुख गृहस्थ, पांढरी दाढी, बोलणं अत्यंत सभ्य. "साहेब, हा आमच्या घरातल्या बायकांचा मामला आहे. चूक झाली, मुलगी बरी होईल. कागद मागे घ्या. नाहीतर त्या घराशी आमचा संबंध राहणार नाही."

दुकानदार तिथेच बसला होता. गेले काही दिवस तो बायकोशी एक अक्षर बोलला नव्हता. घराची अब्रू वेशीला टांगली म्हणून तिच्यावर चिडला होता. मला वाटलं, हा आता हात जोडणार.

तो उभा राहिला. "काका, मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "रिवाज इतका चांगला आहे, तर माझ्यापासून लपवला का? माझ्या डोक्यावरच्या माडीत माझ्या मुलीला कापतात आणि मी खाली खिळे विकत बसतो. मला कुणी विचारलं? धर्मात असेल तर ग्रंथ आणून दाखवा. आम्ही दोघं बसून वाचू."

प्रमुख म्हणाले, "ग्रंथात शब्द नसेल. पण चालत आलंय."

"मग माझ्या घरात थांबेल," दुकानदार म्हणाला.

ते घर खरोखरच वाळीत पडलं. लग्नाचं आमंत्रण नाही, सणाला येणं-जाणं नाही. दुकानात माल पाठवणाऱ्यांनीही हात आखडता घेतला. ती माणसं वाकली नाहीत. शेजारच्या हिंदू घरांतल्या बायका, ज्यांनी आजवर त्या माडीवर पाऊल ठेवलं नव्हतं, त्या काहीतरी निमित्त काढून जायला लागल्या. कुणी कोकमाची सोलं नेऊन दिली, कुणी वाटीभर घावनाचं पीठ.

हमालाकडे मी स्वतः गेलो. त्याच्या अंगणात उभा राहून माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुमी हंय येऊन माफी मागतास ता बरा झाला. पण मी आरोपी म्हणान गावान बघल्यान. मी निर्दोष ता गावाक कोण सांगतलो?"

त्याचं बरोबर होतं. मी त्याला सोबत घेतलं आणि भर सकाळी मासळी बाजारातून, मुख्य रस्त्याने, पूर्ण गणवेशात त्याच्या शेजारी चालत दुकानापर्यंत गेलो. लोक बघत होते. दुकानाच्या पायरीवर मी मोठ्याने सांगितलं, "माझी चूक झाली होती. या माणसाने काही केलेलं नाही." सासू वरून खाली आली. सगळ्यांसमोर तिने हमालापुढे खाली बसून पदर पसरला. सासूसाठी ते किती अवघड होतं हे तिचा चेहरा सांगत होता. हमाल गडबडला. "काकी, उठा, उठा," म्हणत त्याने गोणी खांद्यावर घेतली आणि कामाला लागला. माफ करायलाही मोठेपणा लागतो. तो त्याच्याकडे माझ्याहून पुष्कळ जास्त होता.

कोर्टात म्हातारीने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी वय बघून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. निकाल ऐकून ती म्हणाली, "हमी लिहून घेता ते ठीक. पण मी बोचकं दिलं तेव्हाच सोडलं होतं." आणि हे खरं होतं. पुढे मी चौकशी केली. तिला दोन बंदरांतून बोलावणी आली होती. ती गेली नाही. उलट बोलावणाऱ्या बायकांना तिने मालवणच्या मुलीची हकीकत सांगून पाठवलं.

मुलगी आठव्या दिवशी घरी गेली. आईच्या हातचं खायला तिला आणखी महिना लागला. नर्सबाईंनीच मला ते सांगितलं, डोळे पुसत. पेजेत मीठ जास्त झालं म्हणून मुलगी आईवर रागावली होती. "रागावली, साहेब! म्हणजे आता बरा झाला."

माझी बदली झाली. सहा-सात वर्षांनी तपासणीसाठी मालवणला आलो तेव्हा त्या घरी गेलो. बहिष्कार कधी उठला ते कुणालाच नीट सांगता येईना. हळूहळू येणं-जाणं सुरू झालं होतं. ती आई आता किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरांतून फिरत होती, एकेका बाईला बाजूला घेऊन बोलत होती. काही घरांनी थांबवलं, काहींनी नाही. काहींनी तिला दारातूनच परत पाठवलं. "पुन्हा जातंय," ती म्हणाली. भाषण नाही, सभा नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. म्हणूनच मी त्या समाजाचं नाव लिहीत नाही. बाहेरच्यांनी बोट दाखवलं की आतली दारं बंद होतात, हे मला तिने कट्ट्याच्या ओसरीवर शिकवलं होतं.

या प्रकरणाचं श्रेय वरिष्ठांनी मला दिलं, सेवापुस्तकात शेरा आहे. पण तपास मी केला नव्हता. मी तर चुकीच्या माणसाला मारत बसलो होतो. गुन्हा उघडकीला आणला तो एका नर्सने आणि एका आईने. शिक्षा ओढवून घ्यायची तयारी ठेवून खरं सांगणारा साक्षीदार मला पुढच्या सबंध नोकरीत दुसरा भेटला नाही.

आणखी एक सांगायचं आहे. त्या प्रकरणाच्याच वर्षी रजेवर घरी गेलो तेव्हा माझी आत्या परसात बसली होती. ती सतराव्या वर्षी विधवा झालेली. दर पंधरवड्याला न्हावी यायचा आणि तिचं डोकं भादरून जायचा. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आत्या, पहिल्यांदा केस काढले तेव्हा तुला काय वाटलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "चौघांनी धरलं होतं मला. तुझे आजोबा पण होते." आणि पुढे, "चाळीस वर्षं झाली. विचारणारा तू पहिला."

पुढच्या वेळी न्हावी आला तेव्हा आत्याने त्याला दारातूनच परत पाठवलं. घरात दोन दिवस मोठा गहजब झाला. ती गेली तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत आले होते, पांढरेशुभ्र, आणि रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने विंचरायची.